पन्हळी पत्र्यावरचं विनाईल खोलात का सुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 6 मीटर रुंद पन्हळी पत्र्याच्या भिंतीवर छापील विनाईल, म्हणजे मागे गोंद असलेली पीव्हीसी प्लास्टिकची पातळ फिल्म, लावलं. त्या दिवशी ते सुरेख बसलं. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक पन्हळीत फिल्म सुटली आणि तंबूसारखी ताणून उभी राहिली. हीट गनने तापवून पुन्हा दाबली, तर तीन दिवसांत पुन्हा वर आली. आता तुम्ही विचारताय की गोंद कमी पडला का, प्रायमर (पकड वाढवणारा लेप) मारू का, की फिल्मच बदलू.

गोंदाला दोष देऊ नका. तुमच्या भिंतीला सुमारे 80 सेंटिमीटर फिल्म कमी पडली आहे.

तुम्ही दिलेली मापं घेऊ. एका उंचवट्याच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत 76 मिलिमीटर आणि पन्हळीची खोली 19 मिलिमीटर. अशा गोल लाटेवरून एक दोरा पत्र्याला चिकटवत नेला आणि मग तो सरळ करून मोजला, तर एका लाटेला 76 नव्हे, साधारण 86 मिलिमीटर दोरा लागतो. म्हणजे 13 ते 14 टक्के जास्त. भिंत टेपने 6 मीटर भरली तरी फिल्मच्या हिशेबाने ती 6.8 मीटर आहे. तुम्ही 6 मीटरचं छापलं आणि 6.8 मीटरवर बसवलं. मधली 80 सेंटिमीटर कुठून आली? फिल्म ताणून. आणि ताणलेली फिल्म मूळ मापाला परत जाऊ पाहते. पीव्हीसीचा तो स्वभावच आहे.

तरी 13 टक्के हे सरासरीचं उत्तर झालं. प्रत्यक्षात फिल्म आधी माथ्यांवर टेकते आणि तिथेच चिकटते. माथ्यावरची दोनेक सेंटिमीटर फिल्म मग हलत नाही, ताणाचा सगळा बोजा उरलेल्या भागावर पडतो. हिशेब केला तर उतारावर आणि तळाशी ताण 18 टक्क्यांच्या आसपास जातो. जिथे फिल्म सर्वांत जास्त ताणलेली, तिथेच तिला पत्र्यापासून दूर ओढणारा जोरही सर्वांत जास्त. म्हणून ती तळातून सुटते आणि माथ्यावर घट्ट राहते. तुमच्या भिंतीवर हेच झालंय ना? गोंद खराब असता तर ती कडांना आणि माथ्यावरही सुटली असती.

मी स्वतः हे पहिल्यांदा शिकलो ते अशाच एका भिंतीवर. संध्याकाळी काम संपलं तेव्हा फिल्म रंगासारखी पत्र्यावर बसली होती. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन बोटाने टिचकी मारली, तर प्रत्येक पन्हळीतून डफासारखा आवाज आला. नख लावून एक पट्टी उचलली. मागचा गोंद अगदी ताजा होता, बोटाला चिकटत होता. चिकटायची ताकद त्याच्यात होती, पण त्याच्यावर सतत ओढ लावून मी त्याला हरवलं होतं. प्रायमर मारला असता तर ही हार फार तर महिनाभर लांबली असती.

आता फिल्मबद्दल, कारण तुम्ही 'चांगल्या प्रतीची' एवढंच लिहिलंय. पन्हळी पत्र्यासाठी प्रश्न एकच: कास्ट की कॅलेंडर्ड? कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून दाबत आणि ओढत पातळ केलेली असते. ती जन्मतःच ताणात असते आणि ऊन लागलं की आक्रसते. जाडी सहसा 70 ते 100 मायक्रॉन. कास्ट फिल्ममध्ये पीव्हीसीचं पातळ मिश्रण पसरवून भट्टीत पक्कं करतात, कुणी ओढत नाही, म्हणून तिच्यात परत फिरण्याची ओढ फार कमी. जाडी साधारण 50 मायक्रॉन, त्यामुळे वळणात मऊपणे बसते. लाटेवर फक्त कास्ट. पॉलिमेरिक कॅलेंडर्ड, म्हणजे कॅलेंडर्डमधलीच वरच्या प्रतीची, 'चालून जाते' असं कुणी सांगितलं तर ते उथळ आणि तात्पुरत्या कामापुरतं समजा.

आणि इथे पुष्कळांची फसगत होते: फिल्म कास्ट घेतात आणि छपाईवरचं लॅमिनेशन, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म, कॅलेंडर्ड चढवतात. मग खालची कितीही मऊ असो, वरची जाड असते म्हणून तीच जिंकते. लॅमिनेशनही कास्टच हवं. त्यातही छपाई झाल्यावर सॉल्व्हंट शाईला किमान 24, गडद छपाई असेल तर 48 तास मोकळी हवा द्या आणि मगच लॅमिनेट करा. रोल गच्च गुंडाळून ठेवला तर सॉल्व्हंट बाहेर पडत नाही, तो खाली गोंदात उतरतो, गोंद मऊ पडतो आणि फिल्म आक्रसते. काळ्या-निळ्या गच्च छपाईच्या कडा आधी उचलतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

फिल्म बरोबर असली तरी लांबी तिला द्यावीच लागते, आणि ती छपाईच्या आधी द्यावी लागते. मोजायची पद्धत साधी आहे. मास्किंग टेपचा एक लांब तुकडा दहा पन्हळींवरून आडवा, प्रत्येक तळाला बोटाने टेकवत लावा. दोन्ही टोकांवर पेनाने खूण करा. टेप काढून सपाट टेबलावर ठेवा आणि मोजा. ती लांबी भागिले भिंतीवरचं सरळ अंतर, हा तुमचा गुणक. चित्र तेवढ्या पटीने फक्त आडवं रुंद करून छापायचं. उंचीला हात लावायचा नाही, कारण पन्हळी उभ्या आहेत आणि उभ्या दिशेने पत्रा सरळच आहे. समोरून बघणाऱ्याला चित्र मग योग्य प्रमाणात दिसतं. मालवाहू कंटेनरच्या चौकोनी घड्यांचा गुणक कमी असतो: 278 मिलिमीटरच्या घडीत 36 मिलिमीटर खोली धरली तर साधारण 1.06 ते 1.07. खोली जास्त दिसते म्हणून गुणक मोठा असेल असं डोळ्याला वाटतं, पण दोन सपाट भागांमुळे तो खाली येतो. म्हणून अंदाज करू नका, टेप लावा.

आता लावण्याची पद्धत. हिच्यावर सगळं अवलंबून आहे.

तुकडे उभे, पन्हळीला समांतर. 120 सेंटिमीटरचा पन्हा पूर्ण रुंदीने लावायचा मोह होतो, पण दोन माणसं असतील तर 60 ते 75 सेंटिमीटरचे पट्टे जास्त वेगाने आणि चांगले बसतात. जोड नेहमी उंचवट्याच्या माथ्यावर घ्या, 12 ते 20 मिलिमीटर एकावर एक. तळात जोड कधीच नको. पाणी, धूळ, शेवाळ सगळं तळातूनच वाहतं आणि जोडाची कड तिथे आधी उचलते.

पट्टा वरच्या बाजूने मास्किंग टेपने टांगा. मागचा कागद पूर्ण सोलू नका. पट्ट्याच्या मधोमध, एका पन्हळीच्या तळावर येईल अशी कागदाला उभी चीर द्या आणि तळापुरताच कागद काढा. पहिला स्पर्श तळाला. फेल्ट लावलेल्या स्क्वीजीच्या (फिल्म दाबायच्या चपट्या पट्टीच्या) कोपऱ्याने किंवा मऊ रबराच्या छोट्या रोलरने वरून खाली तळ बसवा. मग फिल्म उतारावरून वर चढवा, माथ्यावरून पलीकडे नेऊन पुढच्या उतारावर सोडा आणि पुढच्या तळात उतरवा. हे करताना दुसऱ्या माणसाने उरलेली फिल्म पत्र्यापासून लांब, सैल धरायची. ओढायची नाही. पुढचा तळ बसायच्या आधी फिल्म त्याच्या पलीकडच्या माथ्याला टेकली, की तुम्ही पुन्हा तुमच्या त्या पहिल्या भिंतीवर आलात: दोन माथ्यांमध्ये फिल्म पूल बांधून बसली, आणि तो पूल खाली दाबायला ताण लागणारच.

बरोबर चाललंय हे हाताला कळतं. सैल फिल्म तळात उतरते तेव्हा अंगठ्याखाली कसलाही विरोध लागत नाही, कागदावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. अंगठा उचलल्यावर तळाशी पांढुरकी रेघ दिसत असेल किंवा अंगठ्याला फिल्म परत ढकलत असेल, तर तिथेच थांबा. कास्ट फिल्मचा गोंद पहिल्या काही मिनिटांत पूर्ण पकडत नाही. अलगद मागे सोला, सैल करा, पुन्हा बसवा. 'नंतर तापवून बसवू' म्हणून पुढे गेलात तर तो भाग पुढच्या आठवड्यात सुटणार हे धरूनच चाला.

उष्णता वापरायची, पण कशासाठी ते लक्षात ठेवा. लावताना थोडी ऊब फिल्म मऊ करते, एवढंच तिचं काम. खरी उष्णता शेवटी: पूर्ण पट्टा बसल्यावर तळ आणि आतले कोपरे हळूहळू तापवत जायचं, म्हणजे उरलासुरला ताण फिल्म विसरते. बहुतेक कास्ट फिल्मसाठी हे तापमान 90 अंश सेल्सियसच्या वर असतं. नेमका आकडा त्या फिल्मच्या तांत्रिक पत्रकात दिलेला असतो आणि तोच पाळायचा. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि फिल्मवर धरून मोजा. उघड्या चकचकीत पत्र्यावर तो खोटं, कमी तापमान दाखवतो. पत्रा उष्णता झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे हीट गन भराभर फिरवून 'तापलं' असं मानलं तर वरचा थर तेवढा गरम होतो आणि गोंदापर्यंत काही पोचत नाही. तुमची दुसऱ्यांदा दाबलेली फिल्म सुटली त्यात याचाही वाटा असेल, पण मुख्य कारण तेच: जिथे 18 टक्के ताण आहे तिथे उष्णता फार उपयोगी पडत नाही.

स्क्रू आणि रिव्हेट. रिव्हेटच्या भोवती फिल्म तापवून, सुईने एक-दोन भोकं पाडून, ब्रशने गोल-गोल दाबत बसवता येते. स्क्रूखालच्या काळ्या रबरी वॉशरवर मात्र काहीच टिकत नाही. तिथे फिल्म वॉशरच्या बाहेरून गोल कापून टाका. लांबून ते दिसत नाही, आणि कापलं नाही तर प्रत्येक स्क्रूपासून एक सुरकुती सुरू होते.

दोन पत्र्यांचा जोड हा वेगळा विषय आहे. एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तिथून फिल्म सलग नेऊ नका, कापा आणि दोन्ही कडा आपापल्या पत्र्यावर दाबून बसवा. पत्रे हलतात. 6 मीटर लांबीचा पोलादी पत्रा पहाटे आणि भर दुपारी यांच्यातल्या 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 3 मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. ती हालचाल फिल्मने सहन करावी अशी अपेक्षा ठेवू नये. याच जोडात पाणीही लपतं. भिंत धुऊन दोन तासांनी बोट फिरवलं तर कोरडी लागते, पण जोडाच्या आत पाणी असतंच. रात्री ते हळूहळू झिरपतं आणि सकाळी जोडाच्या रेषेवर फोडांची माळ उठलेली दिसते. म्हणून धुणं आदल्या दिवशी.

धुण्यावरून आठवलं, पत्रा कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच ठरतं. नवा गॅल्वनाइज्ड पत्रा कारखान्यातून तेलाचा हलका थर घेऊन येतो, तो निघेपर्यंत काही लावू नका. जुन्या गॅल्वनाइज्डवर पांढरी पूड दिसत असेल तर तो जस्ताचा गंज, फिल्म त्या पुडीला चिकटेल आणि पुडीसकट निघेल. रंगीत पत्र्यावर काळं फडकं घासून पाहा. फडक्यावर रंगाची भुकटी आली तर रंग खडूसारखा झालाय. तो घासून धुऊन पक्का होत नसेल तर विनाईलचा विचार सोडा. पीव्हीडीएफ (एक टिकाऊ रंगलेप) लेपाचे पत्रे वर्षानुवर्षं नवे दिसतात, पण त्यांच्यावर गोंद सहजासहजी पकडत नाही. त्याच पत्र्यासाठी शिफारस केलेली जास्त चिकट फिल्म लागते. नुकताच रंगवलेला पत्रा असेल तर रंग पूर्ण सुकून आतला सॉल्व्हंट बाहेर पडेपर्यंत थांबा, नाहीतर फिल्मखाली वायू साठून फुगे येतात. कोणताही पत्रा असो, साबणपाणी, स्वच्छ पाणी, पूर्ण सुकवणं, आणि शेवटी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन फडकी: एकाने ओलं पुसा, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपा. उडू दिलं तर विरघळलेला मळ पुन्हा तिथेच बसतो. पन्हळीचा तळ बोटाला फडकं गुंडाळून, एकेक, वरून खाली पुसायचा. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

मग चाचणी. त्याच फिल्मच्या 25 मिलिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या, एक माथ्यावर, एक उतारावर, एक तळात. 24 तासांनी ओढून पाहा. माथ्यावरची घट्ट आणि तळातली सहज निघाली तर सफाई कमी पडली. तिन्ही सहज निघाल्या तर पत्रा किंवा रंग विनाईलला अनुकूल नाही.

हवामानाचं थोडक्यात: पत्रा फिल्मच्या पत्रकातल्या किमान तापमानापेक्षा थंड नको, आणि उन्हात तापलेला तर मुळीच नको. गडद पत्रा भर उन्हात 60 अंशांच्या वर सहज जातो. तिथे गोंद टेकताक्षणी पकडतो आणि मागे सोलायची संधीच मिळत नाही. सावलीची बाजू धरून काम करा. पहाटे करायचं असेल तर आधी तळावरून हात फिरवा. रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, आणि डोळ्याला न दिसणारं दव तळाशी असतं. ओली पद्धत, म्हणजे साबणपाणी फवारून लावणं, पन्हळीवर नकोच. पाणी तळातच अडकून बसतं.

प्रायमरचं तुम्ही खास विचारलंय. मी तो फक्त बाहेरच्या कडांना आणि पत्र्यांच्या जोडांशी, हाताच्या बोटाएवढ्या पट्ट्यात वापरतो. सगळ्या भिंतीवर मारला तर पुढे फिल्म काढताना रंगही निघायची भीती असते. आणि ताणलेली फिल्म धरून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमची सध्याची भिंत वाचवता येईल का? काही भाग येईल. सुटलेल्या पट्टीखाली आता दोन आठवड्यांची धूळ बसली आहे. तो गोंद पुन्हा चिकटणार नाही, म्हणून दाबत बसू नका. फिल्म तंबूसारखी हवेत उभी आहे याचा फायदा घ्या: ब्लेड आडवं धरून, पत्र्याला न टेकवता, सुटलेल्या भागाच्या दोन्ही कडांनी उभं कापा आणि ती पट्टी काढून टाका. पत्र्याला ओरखडा उठला की तिथून गंज सुरू होतो, तेव्हा घाई नको. तळ स्वच्छ करा. त्याच फिल्मची, त्याच लॅमिनेशनची पट्टी तळापेक्षा दोन्ही बाजूंना 12 मिलिमीटर जास्त घेऊन, आधी तळ आणि मग उतार अशी सैल बसवा. तुमचं लॅमिनेशन लेखनविरोधी (ज्यावर भिंतीवरची रंगरंगोटी टिकत नाही असं) किंवा काही मॅट प्रकारांपैकी असेल तर त्याच्यावर दुसरी फिल्म नीट चिकटत नाही, आधी एक तुकडा लावून बघा. एका रंगाचा भाग असेल तर ही दुरुस्ती नजरेत येत नाही. चित्राचा चेहऱ्यासारखा बारीक भाग असेल तर तो पट्टा पूर्ण काढून नव्याने, योग्य गुणकाने छापून लावा. तिथे जोडकाम लपत नाही.

नव्याने छापताना मजकुराकडे बघा. बाजूने चालत येणाऱ्याला पन्हळीचा एकच उतार दिसतो, दुसरा झाकला जातो. अक्षराची उभी रेघ नेमकी झाकलेल्या उतारावर आली तर अक्षर बदलून वाचलं जातं, फोन नंबरातला 1 तर गायबच होतो. प्रत्येक अक्षर किमान तीन-चार लाटांवर पसरेल एवढं मोठं ठेवा, आणि आडव्या सरळ बारीक रेघा टाळा, बाजूने त्या नागमोडी दिसतात. लहान मजकूर असेल, पत्ता, वेळा, नियम, तर तो सपाट ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलवर लावून पॅनेल माथ्यांवर स्क्रूने बसवा. मला विचाराल तर मजकुरासाठी हाच मार्ग नेहमी चांगला, विनाईल पन्हळीवर घालावं ते मोठ्या चित्रासाठी आणि रंगासाठी.

कट केलेली सुटी अक्षरंच लावायची असतील तर ट्रान्सफर टेप, म्हणजे अक्षरं उचलून भिंतीवर नेणारी टेप, आडवी येते. कागदी टेप ताणत नाही, ती फिल्मला तळात उतरू देत नाही. अशा वेळी अक्षरांच्या आकाराची भोकं कापलेला विनाईलचा साचा पत्र्यावर लावून आतून रंग मारणं सोपं पडतं. रंगाला लांबीचा हिशेब लागत नाही.

काम पूर्ण झाल्यावर तिसऱ्या दिवशी एकदा जा. भिंतीला काटकोनात न बघता बाजूने, तिरप्या उजेडात बघा. तळ सपाट चमकत असेल तर ठीक, तळात मंद धूसर पट्टा दिसला तर तिथे फिल्म उचलायला लागली आहे. अजून धूळ गेलेली नसते, गोंद ताजा असतो, तेव्हाच तापवून दाबली तर ती राहते. यानंतरची पाहणी पहिल्या कडक उन्हाच्या आठवड्यानंतर करा.